आपोआप सपाट बसणारा टॅम्पर : घरच्या एस्प्रेसोतला एक संशय मिटवणारे साधन

घरी एस्प्रेसो करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. बिया त्याच, ग्राइंडरचा आकडा तोच, वजनकाट्यावर तेच १८ ग्रॅम. तरीही काल २८ सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी मधासारख्या संथ धारेने उतरली आणि आज तेवढीच कॉफी विशीच्या आत भसाभसा बाहेर पडली, एकाच घोटात आंबट आणि कडूही लागली. अशा वेळी संशयितांची यादी मोठी असते. बिया शिळ्या झाल्या असतील, ग्राइंडरमध्ये कालची भुकटी अडकून राहिली असेल, बास्केटमध्ये (भुकटी भरायच्या सच्छिद्र वाटीत) भुकटी एका बाजूला जास्त पडली असेल, नाहीतर दाबताना हात तिरका गेला असेल. आपोआप सपाट बसणारा, म्हणजे सेल्फ-लेव्हलिंग, टॅम्पर (भुकटी दाबून बसवायचे साधन) या यादीतला फक्त शेवटचा संशयित वगळतो. ते काम तो चोख करतो. त्यापलीकडची जी कामे विक्रेते त्याच्या नावावर खपवतात, त्यांच्याकडे मात्र थोड्या सावधपणे पाहायला हवे.

साधनाची रचना सोपी आहे. साध्या टॅम्परमध्ये एक मूठ आणि तिच्या तळाशी पोलादाची सपाट चकती, एवढेच असते. या प्रकारात चकतीच्या वर आणखी एक रुंद कडे असते. चकती बास्केटच्या आत उतरते. कडे तिच्यापेक्षा मोठे असल्याने बास्केटच्या काठावर टेकते आणि चकतीला त्या काठाशी समांतर धरून ठेवते. मूठ किती का वाकडी धरलेली असेना, कडे काठावर नीट बसले असेल तर चकती सरळच खाली जाते. बहुतेक नमुन्यांत याच्या जोडीला मुठीच्या पोटात एक स्प्रिंग असते, जी दाब ठरावीक मर्यादेत राहावा म्हणून बसवलेली असते. नॉर्मकोर कंपनीचा व्ही-४ हा या घडणीचा सर्वांत परिचित नमुना. त्याच्यासोबत १५, २५ आणि ३० पौंडांच्या तीन स्प्रिंगा येतात. हाँगकाँगच्या डिसेंट एस्प्रेसो कंपनीचाही असा टॅम्पर आहे, आणि याच धर्तीची साधने आता कितीतरी नावांनी मिळतात. मी वापरतो तो ५८ मिलिमीटरच्या बास्केटसाठीचा, स्प्रिंग बदलता येणारा आहे. पण पुढे लिहिले आहे ते एका कंपनीच्या मालाबद्दल नसून या घडणीबद्दल आहे, असे समजावे.

येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. दुकानांच्या यादीत तीन वेगळ्या वस्तू एकमेकींच्या नावाने वावरतात. पहिली म्हणजे वर वर्णन केलेला टॅम्पर. दुसरी म्हणजे तळाशी उतरते पंख असलेली, बास्केटवर ठेवून गोल फिरवायची चकती. तिला डिस्ट्रिब्युटर किंवा नुसते लेव्हलर म्हणतात. २०१५ सालचा जागतिक बरिस्ता विजेता साशा सेस्टिच याच्या ओसीडी या साधनामुळे ती कॅफेंमध्ये सर्वत्र पोचली. तिसरी म्हणजे तळहाताने दाबायचा, ठरावीक खोलीपर्यंतच उतरणारा पाम टॅम्पर. तिन्हींनी वरचा थर सपाट दिसतो, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते. पण त्यांची कामे वेगळी आहेत. फिरवायची चकती वरवरचा थर गुळगुळीत करते, खालच्या थरांपर्यंत तिचा हात पोचत नाही. पाम टॅम्पर काठाला टेकतो म्हणून सपाट बसतो खरा, पण त्याची खोली आपण आधीच स्क्रूने ठरवलेली असते; एखाद्या दिवशी भुकटी एक ग्रॅम कमी पडली, तर तो तेवढ्याच खोलीवर थांबतो आणि भुकटी अर्धवट दाबलेली राहते. स्प्रिंगचा टॅम्पर भुकटीची उंची जिथे असेल तिथपर्यंत जाऊन दाबतो. रोज डोस (भुकटीचे वजन) बदलणाऱ्या, किंवा दोन-तीन तऱ्हेच्या बिया आलटून पालटून वापरणाऱ्या माणसासाठी हा फरक छोटा नाही.

तिरकेपणाने नेमके काय बिघडते, हे आकड्यांत पाहिले की साधनाचे मोल समजते. ५८ मिलिमीटर व्यासाच्या बास्केटमध्ये चकती फक्त एक अंश कलली, तर एका काठापासून समोरच्या काठापर्यंत उंचीत एक मिलिमीटरचा फरक पडतो. १८ ग्रॅम भुकटीचा दाबलेला थर साधारण सव्वा ते दीड सेंटीमीटर जाडीचा असतो. म्हणजे एका अंशाने जाडीत सात-आठ टक्क्यांचा फरक झाला. एक अंश म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा कल आहे. सकाळी झोपेच्या अमलात, ओट्याच्या कडेवर पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा मुठीचा भाग) टेकवून दाबताना दोन अंश सहज होतात.

पातळ बाजूने पाणी पळते, असे याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. दाबण्याआधी भुकटी सगळीकडे सारखी पसरलेली असेल, तर तिरक्या दाबाने एक बाजू पातळ पण घट्ट होते आणि दुसरी जाड पण सैल राहते. मग पाणी जाडी पाहणार की सैलपणा? बऱ्याचदा सैलपणा भारी पडतो, कारण कणांमधली पोकळी थोडी वाढली तरी पाणी पुष्कळ जास्त वाहते. भातखाचराचा बांध जिथे भुसभुशीत असेल तिथूनच फुटतो, मग तो तिथे कितीही रुंद का असेना. इथेही तसेच होते. एकदा वाट सापडली की पाणी ती रुंदावत जाते, त्या वाटेवरची कॉफी पिळून निघून कडवट होते, आणि उरलेली भुकटी पुरती न भिजता आंबट राहते. कॉफीवाले याला चॅनेलिंग म्हणतात. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागण्याचे रहस्य बहुधा यातच असते.

आता दाबाकडे वळू, कारण जाहिरातींचा सगळा भर त्यावर असतो. तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या थोडे वर, ही संख्या एस्प्रेसोच्या जगात जवळजवळ शास्त्रवचनासारखी उच्चारली जाते. ५८.५ मिलिमीटरच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे २७ चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे तीस पौंडांचा दाब दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो होतो. याउलट यंत्र ९ बार दाबाने पाणी सोडते, तेव्हा त्याच भुकटीवर दर चौरस सेंटीमीटरला नऊ किलोंहून अधिक भार येतो, सगळा मिळून २४० किलोंच्या आसपास. ज्या भुकटीवर लगेच एवढा भार पडणार आहे, तिला आपण अकरा किलोंनी दाबले की साडेतेरा किलोंनी, याचा परिणाम किती राहणार? कणांमधली मोकळी हवा निघून थर जिथवर दबायचा तिथवर दबला की त्यानंतर जोर वाढवून फारसे काही साधत नाही. म्हणून स्प्रिंगचा दाब अमुक पौंडांना अचूक आहे, या दाव्याला मी फार किंमत देत नाही. कॅनडातील एस्प्रो कंपनीचा टॅम्पर तीस पौंडांना टिचकी देऊन थांबायला सांगतो. त्या टिचकीमुळे दाब सारखा राहतो, पण चकती तिरकी गेली तर ती तिरकीच राहते. दोनपैकी एकच गुण घ्यायचा झाला, तर मी दाबाऐवजी सपाटपणा निवडेन.

मग स्प्रिंगचा उपयोग काय? तिचा खरा उपयोग हाताला थांबण्याची खूण मिळते, हा. नवख्या माणसाला किती दाबू हे कळत नाही. तो एक दिवस भीतभीत दाबतो आणि दुसऱ्या दिवशी अंगातली सगळी ताकद लावतो. स्प्रिंग पूर्ण दबल्याचे हाताला कळले की तो थांबतो, आणि अर्धवट दाबलेली भुकटी हा प्रकार बंद होतो. तिन्ही स्प्रिंगा लावून पाहिल्यावर माझे मत असे झाले की सर्वांत हलकी स्प्रिंग फारच मऊ आहे. बारीक दळलेल्या, हलक्या भाजणीच्या कॉफीत तिने थर पुरता बसल्याची खात्री वाटत नाही. मधल्या आणि जड स्प्रिंगेत चवीचा फरक मला सांगता येणार नाही. मधली लावून ठेवली आहे. ज्यांचे बास्केट ५१ मिलिमीटरचे आहे त्यांनी लक्षात घ्यावे की छोट्या चकतीचे क्षेत्रफळ कमी असल्यामुळे तीच २५ पौंडांची स्प्रिंग तिथे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक तृतीयांश जास्त दाब देते. त्यामुळे जड स्प्रिंगेच्या मागे लागण्याचे त्यांना काही कारण नाही.

या स्प्रिंगेबाबत खरेदीपूर्वी तपासण्याजोगी एक बाब आहे, आणि उत्पादनाच्या वर्णनात ती क्वचितच स्पष्ट लिहिलेली असते. स्प्रिंग संपूर्ण दबली की पुढचा जोर कुठे जातो? काही घडणींत मूठ शेवटी काठावरच्या कड्यावर टेकते. तिथून पुढचा सगळा जोर बास्केटच्या काठाला मिळतो, भुकटीला मिळत नाही. काहींत मूठ थेट चकतीच्या दांड्यावर टेकते. तिथे तुम्ही जितका जोर लावाल तितका भुकटीवर पडतच राहतो आणि स्प्रिंगेचा आकडा फक्त किमान दाब सांगतो. दोन्ही घडणी वापरण्याजोग्या आहेत, पण दुसरीला ‘नेमका दाब देणारी’ म्हणणे बरोबर नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामा टॅम्पर चकतीवर उभा करून हळूहळू दाबला की स्प्रिंग किती जोराला पूर्ण दबते हे घरच्या घरी तपासता येते, मात्र काटा पंधरा-वीस किलोंपर्यंतचा हवा. नाजूक कॉफीचा काटा त्यापायी मोडून घेऊ नये.

सपाटपणाचा मुद्दा आणखी थोडा उलगडायला हवा, कारण या साधनाचे सर्वांत मोठे सामर्थ्य तिथे आहे. साधा टॅम्पर धरणारा माणूस नकळत ओट्याचा आधार घेतो: ओटा सपाट आहे, पोर्टाफिल्टर त्यावर सरळ ठेवला आहे, तेव्हा आपण ओट्याशी समांतर दाबले की झाले. पण दोन तोंडांचा पोर्टाफिल्टर ओट्यावर क्वचितच सरळ उभा राहतो. मुठीच्या वजनाने तो मागे कलतो किंवा तोंडांवर डुगडुगतो. रबरी चटईवर ठेवला तर दाबाखाली चटई एका बाजूने चेपते. कड्याचा टॅम्पर ओट्याकडे पाहतच नाही, तो बास्केटच्या काठाकडे पाहतो. आणि पाणी बास्केटमधूनच जाणार असल्याने समांतरपणा काठाशीच हवा असतो. पोर्टाफिल्टर थोडा कललेला असला तरी भुकटी बास्केटमध्ये सपाटच बसते. पोर्टाफिल्टर ठेवायचा वेगळा स्टँड घेण्याची निकड त्यामुळे कमी झाली, हा माझ्या दृष्टीने न मागता मिळालेला लाभ.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. सगळी मदार काठावर असल्यामुळे काठ स्वच्छ हवा. एका बाजूला चिमूटभर भुकटी राहिली, तर कडे तिच्यावर टेकते आणि मग साधन मोठ्या निष्ठेने तिरके दाबून देते; शिवाय ते सपाट बसले असेल असा आपला विश्वास असल्याने आपण पाहतही नाही. डोसिंग फनेल (भुकटी सांडू नये म्हणून बास्केटवर ठेवायचे कडे) काढल्यावर काठावरून एकदा बोट किंवा छोटा ब्रश फिरवण्याची सवय लावून घ्यावी. बास्केट पोर्टाफिल्टरमध्ये पूर्ण आत बसलेले आहे की एका बाजूने उचललेले, हेही एकदा पाहून घ्यावे. कडे काठावर टेकल्यावर ते किंचित गोल फिरवून पाहिले की बैठक नीट आहे की नाही हे हाताला समजते. मूठ दाबल्यावर सरळ वर उचलावी. चकती बास्केटला अगदी घट्ट बसत असेल तर झटक्याने ओढताना खाली पोकळी निर्माण होते आणि दाबलेला थर तळापासून उचलला जाऊन भेगाळतो. हे डोळ्यांना दिसत नाही, शॉट (एका वेळची एस्प्रेसो) उतरू लागल्यावर दिसते.

चकतीच्या मापाचा प्रश्न इथेच येतो. गॅजिया क्लासिकसारख्या यंत्रांचे बास्केट ५८ मिलिमीटरचे म्हटले जाते, ब्रेव्हिलच्या बॅम्बिनोचे ५४ आणि डेलाँगीच्या डेडिकाचे ५१. पण ही झाली ओळखीची मापे. आतला व्यास बास्केटगणिक थोडा वेगळा असतो. व्हीएसटी किंवा आयएमएस या कंपन्यांची अचूक बास्केटे ५८.५ मिलिमीटरच्या चकतीसाठी सोयीची असतात. तिथे ५८ची चकती वापरली तर काठालगत जेमतेम पाव-तीन दशांश मिलिमीटरची न दाबलेली कड राहते. क्षेत्रफळाच्या हिशेबात ती एकूण भुकटीच्या दोन टक्क्यांच्या आसपास भरते, पण ती नेमकी भिंतीलगत असते आणि भिंतीलगतची वाट पाण्याला आधीच सोपी असते. याउलट यंत्रासोबत आलेल्या काही बास्केटांच्या आत पोर्टाफिल्टरमधल्या, बास्केट धरून ठेवणाऱ्या तारेसाठी एक उठावदार रेघ असते. त्या रेघेवर ५८.५ची चकती अडकू शकते आणि सपाट बसण्याऐवजी तिथेच थांबते. ५४ मिलिमीटरच्या यंत्रांसाठी म्हणूनच ५३.३ची चकती विकली जाते. मागवण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने बास्केटचा आतला व्यास, तोही वरच्या काठापाशी आणि भुकटी जिथवर येते तिथे, असा दोनदा मोजावा. दुकानदार ‘सगळ्या ५८ला बसते’ असे म्हणाला, तरी मोजावा.

खोल बास्केटमध्ये कमी डोस घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कडे काठावर टेकल्यानंतर चकती किती खोल जाऊ शकते याला मर्यादा असते. २० ग्रॅमच्या बास्केटमध्ये १४ ग्रॅम भुकटी घालणाऱ्याची चकती काही नमुन्यांत भुकटीला नीट भिडण्याआधीच थांबते. डोस बास्केटच्या मापाच्या एक-दीड ग्रॅमच्या आतबाहेर ठेवला, तर ही अडचण येत नाही. तो तसा ठेवणे एरवीही शहाणपणाचेच असते.

भारतात पहिले यंत्र घेणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत मात्र वरची सगळी चर्चा लागूच होत नाही. स्वस्त यंत्रांसोबत अनेकदा दुहेरी तळाचे बास्केट येते. त्याला वरून असंख्य छिद्रे आणि खाली बाहेर पडायला एकच बारीक भोक असते. त्यात दाब भुकटीमुळे तयार न होता त्या भोकामुळे होतो, त्यामुळे भुकटी कशी दाबली याला फारसा अर्थ राहत नाही. त्यावरचा फेसही बराचसा त्या भोकाचाच प्रताप असतो. अशा बास्केटसाठी महागडा टॅम्पर घेणे व्यर्थ आहे. त्या पैशात आधी एकेरी तळाचे बास्केट घ्यावे आणि उरलेले पैसे ग्राइंडरसाठी बाजूला ठेवावेत, कारण एकेरी बास्केट बाजारच्या तयार भुकटीवर चालत नाही.

भुकटी पसरण्याच्या दोषावर या साधनाकडे औषध नाही, आणि घरच्या एस्प्रेसोत तिरकेपणापेक्षा हा दोष जास्त आढळतो असे माझे मत आहे. ग्राइंडरमधून भुकटी एका बाजूला ढीग होऊन पडते, तिच्यात गाठी असतात, मधे पोकळ्या राहतात. वरून चकती कितीही समांतर उतरली, तरी आत एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी भुकटी असेल तर दोन्हींची घनता वेगळीच राहणार. वरचा पृष्ठभाग मात्र इतका देखणा दिसतो की शंकाही येत नाही. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बारीक सुयांनी भुकटी तळापर्यंत ढवळणे. जॉन वाइस यांनी २००५ साली सुचवलेली ही रीत त्यांच्याच नावाने वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक, थोडक्यात डब्ल्यूडीटी, म्हणून ओळखली जाते. ०.३ किंवा ०.४ मिलिमीटर जाडीच्या पाच-सहा ॲक्युपंक्चरच्या सुया बुचात खोचल्या की घरचे साधन तयार होते. सुयांनी ढवळून साध्या टॅम्परने दाबलेला शॉट मला न ढवळता महागड्या टॅम्परने दाबलेल्या शॉटपेक्षा सातत्याने बरा लागला आहे. दोन्ही केल्यावर मिळणारा शॉट सर्वांत बरा असतो, हे वेगळे सांगायला नकोच. पण कोणती पायरी आधी चढावी याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

तुम्हाला या टॅम्परची गरज आहे की नाही, हे विकत घेण्याआधी शोधता येते. तळ नसलेला, म्हणजे बॉटमलेस, पोर्टाफिल्टर मिळाला तर उत्तम. शॉट सुरू होताना पहिले थेंब बास्केटच्या तळाशी कुठे दिसतात ते पाहावे. दर वेळी ते एकाच बाजूला आधी दिसत असतील आणि धार मध्यभागी एकत्र न येता एका कडेला ओढली जात असेल, तर हात तिरका असण्याची शक्यता बरीच आहे. पोर्टाफिल्टर अर्धा फिरवून धरून, म्हणजे मूठ उलट बाजूला ठेवून, दाबून पाहावे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोषी आपला हात. ओढ त्याच बाजूला राहिली तर दोष ग्राइंडरच्या तोंडाचा, यंत्र तिरके ठेवल्याचा किंवा पाणी सोडणाऱ्या जाळीचा असू शकतो, आणि तिथे नवा टॅम्पर काही करणार नाही. ठिकठिकाणांहून बारीक फवारे उडत असतील तर ते गाठींचे काम, त्यासाठी सुया. वापरून झालेल्या चोथ्याकडे पाहून निदान करण्याची अनेकांना हौस असते. तो ओला आहे, चिकटला आहे, त्यावर खड्डा पडला आहे, यावरून फारसे काही ठरवता येत नाही.

माझ्या घरात या साधनाचा खरा फायदा मला कमी आणि इतरांना जास्त झाला. वर्षानुवर्षे साध्या टॅम्परने दाबणाऱ्याचा हात बहुधा सरळ झालेला असतो. त्याला यातून मिळतो तो थोडा निर्धास्तपणा. पण घरातली बाकीची माणसे त्याच यंत्रावर कॉफी करतात आणि प्रत्येकाची उंची, मनगट आणि घाई वेगळी असते. बायकोचा शॉट आणि माझा शॉट यांच्या वेळेत पूर्वी काही सेकंदांचा फरक पडायचा, आणि ग्राइंडरचा आकडा कोणाच्या हिशेबाने लावायचा यावर वाद व्हायचा. आता तो फरक ओळखू येण्याइतका उरलेला नाही. सासऱ्यांची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत; त्यांना साध्या टॅम्परची मूठ धरून कोपर सरळ ठेवणे जमत नसे. रुंद माथ्यावर तळहात ठेवून दाबणे त्यांना जमते. कॅफेंमध्ये पुकप्रेससारखी आपोआप दाबणारी डच यंत्रे वापरतात त्यामागेही मनगटाची काळजी आणि अनेक हातांमधली एकवाक्यता हीच दोन कारणे आहेत. घरासाठी तेवढा खर्च करण्याची गरज नाही.

देखभालीची कटकट मात्र साध्या टॅम्परपेक्षा जास्त आहे. साधा टॅम्पर म्हणजे एक घन तुकडा. पुसला की झाले. इथे कडे, दांडा आणि स्प्रिंग यांच्या मधल्या फटींत कॉफीची पीठासारखी बारीक भुकटी आणि तेल हळूहळू साचते. मग कडे अडखळत सरकते, दाबताना किरकिर येते, आणि कडे एका बाजूने अडून बसले तर ज्या सपाटपणासाठी पैसे दिले तोच धोक्यात येतो. दर काही आठवड्यांनी तळाची चकती स्क्रूपासून उलगडून, सगळे भाग कोरड्या ब्रशने झाडून आणि कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा जोडावेत. पाण्याखाली धरू नये; धरलाच तर पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नये. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हे अधिक मनावर घ्यावे. साचलेले तेल खवट होते आणि त्याचा वास ताज्या भुकटीला लागतो, हे वेगळेच. पुन्हा जोडताना चकती पूर्ण घट्ट फिरली आहे ना, हे बघावे; अर्धी सैल राहिली तर ती स्वतःच किंचित कलते.

किमतीबाबत बोलायचे तर असा टॅम्पर साधारणतः त्याच मापाच्या साध्या पोलादी टॅम्परच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतो, आणि बाहेरून मागवला तर त्यावर आयातशुल्काचा बोजा चढतो. ग्राइंडर अजून साधा असेल, काटा दशांश ग्रॅम दाखवत नसेल, किंवा सुयांचा ब्रश अजून केला नसेल, तर ही खरेदी पुढे ढकलावी. ग्राइंडर चांगला आहे, वजन मोजले जाते, भुकटी ढवळली जाते आणि तरीही धार एका बाजूला ओढली जाते, किंवा एकाच यंत्रावर दोन-तीन जण कॉफी करतात, अशा घराने तो बिनदिक्कत घ्यावा. घेताना कड्याची सरक हाताने तपासावी, स्प्रिंग बदलता येते का आणि सुट्या स्प्रिंगा मिळतात का हे विचारावे, आणि चकतीचा तळ सपाटच घ्यावा. नक्षी काढलेल्या तळांचे फायदे मला तरी कपात सापडले नाहीत. ५१ किंवा ५४ मिलिमीटरचे यंत्र वर्षभरात बदलून ५८चे घ्यायचा ज्यांचा विचार आहे त्यांनी तोवर थांबावे, कारण मूठ आणि स्प्रिंग कितीही चांगली असली तरी कडे आणि चकती नव्या बास्केटला बसत नाहीत, आणि जुन्या मापाच्या टॅम्परला पुढे गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.